जन्माआधीची लढाई: एका घराच्या कागदांचा माग

आमच्या गावच्या घरी, खटाव तालुक्यात, देवघरात टाकांच्या शेजारी एक जड तबकडी उभी करून ठेवलेली असते. पुरीपेक्षा थोडी मोठी, काळपट ब्राँझची. तिच्यावर एक बाई उभी आहे, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. घरात सगळे तिला भवानी म्हणतात. वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहून तिच्या कडेची अक्षरं बुजून गेली होती आणि ती इंग्रजी असल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलंही नव्हतं. तबकडीसोबत पत्र्याच्या ट्रंकेत एक चांदीचं मेडल होतं. त्याला कुणीतरी कडी डागून ते काही काळ पोरांच्या गळ्यात बांधलेलं होतं.

या दोन्ही वस्तू आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. घरातली कथा अशी: आबा पलटणीत होते. बसऱ्याच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, लढाईवर गेले. तिथं वेढ्यात सापडले, घोड्याचं मटण खायची वेळ आली, मग शत्रूने धरून नेलं. काही वर्षं कैदेत काढून ते परत आले, सरकारने ही तबकडी बक्षीस दिली आणि पुढे त्या लढाईचे पैसे घरात येत राहिले. आबा स्वतः फार बोलत नसत. ते १९८७ मध्ये गेले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

२०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींसाठी जिल्ह्यात सगळीकडे जुनी दप्तरं उघडली गेली. माझा चुलत भाऊ वंशावळ जुळवायला बसला आणि त्याने गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणला. त्यात आबांची जन्मतारीख १९१९ सालातली होती. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "अरे, बसऱ्याची लढाई कधीची?"

मी ट्रंक उघडून मेडल पाहिलं. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि दोन सालं, १९१४ आणि १९१८. ज्या लढाईचं मेडल आमच्या घरात होतं ती संपल्यानंतर आबा जन्मले होते.

पहिला तर्क सोपा होता, शाळेतली तारीख चुकीची. त्या काळी मास्तर अंदाजाने तारीख टाकत, एक जूनला निम्मं गाव जन्मलेलं असे. पण चूक दोन-चार वर्षांची असते. बसऱ्याला लढायला आबा निदान १८९७ च्या आसपास जन्मायला हवे होते, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाप्याला कुणी शाळेच्या बिगारीत बसवत नाही.

मग मी तेच केलं जे बहुतेक लोक करतात आणि ज्यात माझा महिनाभर वाया गेला: थेट लष्कराच्या बाजूने शोध सुरू केला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद आहे, पहिल्यासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. तिथं आबांचं नाव-आडनाव टाकलं. नाव साताऱ्यात दर घरी सापडणारं, आडनावही तसंच. (दोन्ही इथे लिहीत नाही.) पानंच्या पानं आली. शिवाय आपल्या आडनावांचं इंग्रजीत काय होतं हे ज्याने पलटणीचे जुने कागद पाहिलेत त्यालाच कळेल. शिंदे कुठं सिंधिया, कुठं सिंदे, मोरेच्या शेवटी वाय, आणि पुष्कळदा आडनावाच्या जागी बापाचंच नाव. मुळात मी मृतांच्या यादीत अशा माणसाला शोधत होतो, जो माझ्यासमोर अंगणात बसून दाढी करायचा. हे डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण घरच्या कथेत माणूस एकच होता.

लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या रोजनिशा आहेत, डब्ल्यू.ओ. ९५ या मालिकेत. त्या पलटणीने कुठं मुक्काम केला, कुठं गोळाबार झाला हे सांगतात, पण साध्या शिपायाचं नाव त्यांत क्वचितच येतं. पंजाबातल्या लोकांचं नशीब थोडं बरं. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या गाववार नोंदवह्या, सुमारे ३,२०,००० शिपायांच्या, २०२१ पासून शोधता येऊ लागल्या. आमच्या कामाला त्या येणार नव्हत्या. आणि घराची बाजू बघावी तर ब्रिटनमध्ये १९२१ च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते २०२२ मध्ये लोकांना खुले झाले. आपल्याकडे घरटी तक्ते बेरीज झाली की संपले, उरले फक्त आकडे. कुठल्या घरात १९११ साली कोण राहत होतं हे जनगणना सांगणार नाही. ते सांगेल तलाठी.

म्हणून मी परत गावच्या कागदाकडे आलो. इथून पुढचं जे काही हाती लागलं ते याच कागदांमुळे.

आधी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षातून भावाने आमच्या घराच्या नोंदींच्या नकला आधीच मिळवल्या होत्या, त्या त्याला जातीच्या रकान्यासाठी हव्या होत्या. मी बाकीचे रकाने वाचायला घेतले. मोडी मला येत नाही. तालुक्याच्या गावी एक निवृत्त गृहस्थ वाचून देतात, त्यांच्यापुढे बसून एकेक ओळ उतरवून घेतली. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव. आबांच्या वर्षी आमच्या आडनावाच्या घरात एक मुलगा नोंदलेला होता. बापाचं नाव शाळेच्या रजिस्टरशी जुळत होतं. शाळेची तारीख चार महिन्यांनी इकडेतिकडे, एवढंच. म्हणजे आबांचा जन्म १९१९ चा, यात शंका उरली नाही.

पण त्याच्या मागचं पान उलटलं तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. १९१८ चा ऑक्टोबर. एकाच पानावर एवढ्या नोंदी की लिहिणाऱ्याने शेवटी रकाने आखायचं सोडून दिलेलं. कारण सगळीकडे एकच, ताप. म्हातारी माणसं या साथीला मानमोडी म्हणत, जगाने तिला इन्फ्लुएन्झा म्हटलं. आमच्या घरातले तीन: एक म्हातारी, एक पाच वर्षांची मुलगी आणि एक बाई, 'अमक्याची बायको'. अमका म्हणजे आबांचे वडील. त्यांची पहिली बायको आणि मुलगी त्या महिन्यात गेली, वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं आणि आबा त्या दुसरीचे. घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. युद्धाचा शोध घेताना घराचा इतिहास असा अंगावर येतो. शिवाय कोतवाल बुकात फक्त गावात मेलेला माणूस येतो हेही तेव्हाच लक्षात आलं. परमुलखात मेलेल्याला तिथं ओळ नाही.

ती ओळ फेरफाराच्या नोंदवहीत असते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव वह्या तयार झाल्या. जमिनीला मालक लागतो, आणि मालक मेला की वारस लावावाच लागतो, मग तो बसऱ्याला मेलेला असो की विहिरीत पडून. घरातल्या माणसाच्या मरणाबद्दल सरकारला काही वाटो न वाटो, सारा कोण भरणार हे मात्र त्याला ठाऊक असावं लागतं.

आमच्या गटाचा आजचा सातबारा घेऊन फेरफार क्रमांकांनी मागे मागे गेलो. एकोणीसशे साठच्या दशकातली एक नोंद सगळ्यांनी आधीही पाहिली होती. तिच्यात आबांचं नाव दोनदा आलं होतं. नाव, मग वडिलांच्या जागी पुन्हा तेच नाव, मग आडनाव. तलाठ्याच्या हातून चुकून दोनदा पडलं, असं म्हणून माझ्या वडिलांनी कधीकाळी ती दुरुस्त करून घ्यायचा विचारही केला होता. बरं झालं, केली नाही.

त्याहून मागे, १९१९ ची नोंद सापडली. मोडीतली, चार ओळींची. मतलब असा: आठ आणे हिश्शाचा खातेदार 'लढाईत बसरा मुक्कामी मयत', पोटी संतान नाही, म्हणून विधवेचं नाव दाखल. मयताचं नाव आबांचंच. वडिलांचं नाव मात्र वेगळं, म्हणजे आबांच्या आजोबांचं. उरलेला आठ आणे हिस्सा आबांच्या वडिलांचा.

दोन भाऊ होते. थोरला लढाईवर गेला आणि मेला. धाकट्याला पुढे मुलगा झाला, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे त्याने मेलेल्या भावाचं नाव चालवलं. एका नावाची दोन माणसं, आणि आम्ही त्यांचा एकच माणूस केला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे खुळ्यासारखं वाटेल की घरात कुणाला कळलं कसं नाही. थोरल्या माणसाचं नाव पोराला ठेवलं की ते नाव घरात कुणी घेत नाही. बायका तर नाहीच. नवऱ्याचं, दिराचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? पोराला दुसरंच काहीतरी म्हणतात, बाळ, बापू, आबा. आमचे आबा पाळण्यापासून आबाच होते. कागदावरचं नाव कागदावरच राहिलं, आणि ज्याचं ते मूळ नाव त्याचाही उच्चार घरात बंद झाला. दोन पिढ्यांनी कागदावरचं नाव वाचलं गेलं तेव्हा ते एकाच माणसाला चिकटलं, जो आठवणीत होता त्याला.

मग ते दोनदा आलेलं नाव. १९१९ आणि साठच्या दशकातली नोंद यांच्यामध्ये आणखी एक फेरफार निघाला, १९२६ चा. विधवेने दिराच्या मुलाला दत्तक घेतल्याचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दत्तकपत्रावरून. मुंबई इलाख्यात विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची आधी मिळालेली आज्ञा लागत नसे. इतर बऱ्याच प्रांतांत ती लागायची, आणि इकडच्या विधवांना हे चांगलं ठाऊक होतं. दत्तक घेताना मुलाचं नाव बदलायचा प्रघात आहे, पण इथं बदललं नाही. का, ते कागद सांगत नाही, पण मला वाटतं त्या बाईला ते नावच हवं होतं. परिणाम असा झाला की मुलाचं नाव आणि दत्तक बापाचं नाव एक झालं. तलाठ्याची चूक नव्हती. आबांचं पूर्ण नाव खरोखर तसंच होतं. शाळेत दत्तकाआधी दाखल झाले म्हणून तिथं जन्मदात्याचं नाव, पुढे सगळीकडे दत्तकपित्याचं.

आता मृतांच्या यादीत कुणाला शोधायचं ते कळलं होतं. पण या वेळी नावाने शोधलं नाही. कमिशनच्या शोधात अधिक माहितीचा एक रकाना आहे, त्यात बापाचं नाव आणि गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. त्यात तालुका टाकला, जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, शेवटी ओ लावून, आणि मग गावाचं नाव जितक्या तऱ्हेने बिघडवता येईल तितक्या तऱ्हेने. आमच्या गावचे चौघे निघाले. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातला एक संगमरवरी दगड आहे. तसे दगड भरतीच्या गावांतून सगळीकडे सापडतात, मजकूरही ठरलेला: या गावातून महायुद्धात इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या दगडावर प्राण दिलेल्यांचा आकडा ४ आहे. हा ताळा जमला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

चौघांपैकी एक आमचा. शिपाई, ११०वी मराठा लाइट इन्फंट्री, अमक्याचा मुलगा, एप्रिल १९१६. बसरा मेमोरियल.

मेडलही आता बोललं. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या मेडलची कड गळ्यात घासून घासून गुळगुळीत झालेली, पण तिरप्या उजेडात 'मराठा' आणि त्याआधी दोन एकडे दिसत होते. तिसरा आकडा गेलेला. अकरा-अमुक मराठा पलटणी चार होत्या: ११०, ११४, ११६ आणि ११७. यादीतली नोंद मिळाली नसती तर या चारांत मी अजून चाचपडत असतो. नंबराचे शेवटचे दोन आकडे कडेवर शाबूत होते आणि ते यादीतल्या नंबराशी जुळले. पुरावा म्हणून मी यालाच सर्वात जास्त वजन देईन. नावं जुळतात, बापाची नावंही जुळतात, पण नंबर ज्याचा त्याचा असतो.

एप्रिल १९१६ आणि ११०वी म्हटल्यावर जागा वेगळी सांगायला नको. ६वी पुणे डिव्हिजन मेजर जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिस नदीने वर बगदादच्या दिशेने गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली आणि मागे हटून कूत अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्की सैन्याने वेढा घातला. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. विमानांतून धान्याची पोती टाकली, ती पुरली नाहीत. २४ एप्रिलला जुलनार नावाची बोट रसद घेऊन अंधारात निघाली, ती धरली गेली. घोडी कापून खायची पाळी आली तेव्हा हिंदी शिपायांनी मांस घ्यायचं नाकारलं. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे संदेश मागवले, तरी बरेच जण ऐकेनात. स्कर्व्ही आणि भूक यांनी रोज माणसं जात होती. १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३,००० जण शरण गेले.

आमचे थोरले त्याआधी दहा-बारा दिवस गेले. कैद त्यांना पाहावी लागली नाही.

घोड्याच्या मटणाची गोष्ट म्हणजे खरी होती. ती घरी कुणी आणली? मेलेल्याने नाही. आमच्या शेजारच्या गावातले दोघे कूतच्या कैदेतून जिवंत परत आले होते, हे आत्याला ऐकून माहीत होतं. ते १९१९ च्या सुमारास आले असणार, आणि १९१९ च्याच फेरफारात 'मयत' लिहिलं गेलं. एप्रिल १९१६ ते १९१९. मधली जवळजवळ तीन वर्षं त्या बाईने कुंकू लावलं असणार. पलटणच वेढ्यात आणि मग कैदेत म्हटल्यावर खात्रीलायक कळवणार कोण? फेरफारात 'बसरा' लिहिलंय त्यालाही फसायचं कारण नाही. आपल्या लोकांच्या बोलण्यात तो सगळा मुलूखच बसरा होता.

कैद मात्र आबांची. तो भाग सोपा निघाला, कारण तो जवळचा आहे. आबांना लष्कराची पेन्शन नव्हती. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं, आणि माझ्या आजीला ते मिळत होतं. म्हणजे तिच्या अर्जाची फाईल असणार आणि त्या अर्जाला डिस्चार्जच्या कागदाची नक्कल लावलेली असणार. वडिलांच्या कपाटात तिची झेरॉक्स निघाली. ज्यांच्या घरात दुसऱ्या महायुद्धातलं कुणी होतं त्यांनी बेळगावच्या अभिलेख कार्यालयात शीट रोलसाठी, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदीसाठी, पत्र लिहिण्याआधी आजीची फाईल शोधावी, असं मी आता सगळ्यांना सांगतो. पत्र लिहायचं झालं तरी नंबर लागतोच, आणि नंबर त्या फाईलमध्ये असतो.

आबा १९४० मध्ये भरती झाले, ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये. चुलत्याची पलटण वेगळी. १९२२ च्या फेरबदलात ११०वी ही त्याच रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली होती आणि दुसरी ही पूर्वीची १०५वी. २० जून १९४२ ला लिबियातल्या तोब्रुकच्या आग्नेय बाजूला, जिथं ११वी हिंदी ब्रिगेड होती, तिथं जर्मन सेनापती रोमेलचा हल्ला फुटला, आणि तो नेमका दुसऱ्या बटालियनच्या मोर्चावर आला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, सुमारे ३३,००० माणसं कैदेत गेली. आबा त्यांत. ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या अस्तराखाली, एक छापील इटालियन कार्ड होतं, युद्धकैद्याचं. त्यावर पेन्सिलने मराठीत तीन ओळी. खुशाल आहे, काळजी नसावी, थोरल्या आईस नमस्कार. थोरली आई म्हणजे तीच विधवा चुलती, आबांची दत्तक आई.

डिस्चार्जच्या कागदावर वडिलांचं नाव? आबांचंच. दोन वेगळ्या कचेऱ्या वीस वर्षांच्या अंतराने सारखीच चूक करत नाहीत. एवढ्यावरूनही दत्तकाचा अंदाज करता आला असता, फेरफार नंतर पाहिला असता तरी.

आणि घरात येणारे 'लढाईचे पैसे' दोन होते. थोरल्या आईची विधवा म्हणून मिळणारी पेन्शन, जी आणायला ती तालुक्याला जात असे, आणि तिच्या मरणानंतर कित्येक वर्षांनी आजीचं मानधन. मधली खाच घरच्या आठवणीने बुजवून टाकली होती.

राहिली तबकडी. तिच्यावर साल नाही, हुद्दा नाही, पलटण नाही. पहिल्या महायुद्धातल्या प्रत्येक मृताच्या घरी इंग्रज सरकारने ही पाठवली, तेरा लाखांवर ओतल्या गेल्या. नाव उठावदार अक्षरांत, आणि हुद्दा मुद्दाम वगळलेला, मरणात सगळे सारखे म्हणून. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र ते सारखेपण पाळलं नाही. तिथं हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणवार आकडे. ते स्मारक १९२९ मध्ये बंदरावर उभं राहिलं, १९९७ मध्ये इराकच्या तेव्हाच्या राजवटीने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेऊन ठेवलं. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात या वागणुकीची कबुली दिली. तेव्हा दगडावर आमच्या माणसाचं नाव ना चावडीत आहे ना बसऱ्यात. ते फक्त या तबकडीवर आहे.

चिंचेने घासून कुंकू काढलं तेव्हा कडेने इंग्रजी अक्षरं उठली: तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूप. बक्षीस समजून आम्ही जी मिरवली ती मेल्याची खूण होती, आणि नाव तेच असल्यामुळे ती जिवंत माणसाच्या खात्यावर जमा झाली.

हे सगळं लिहून काढताना मी आत्याचं जुनं रेकॉर्डिंग परत ऐकलं. आत्या आबांची थोरली मुलगी, आता सत्त्याहत्तर वर्षांची. थोरल्या आईच्या मांडीवर वाढली. शोध सुरू केला त्या आठवड्यात मी तिच्याशी दीड तास बोललो होतो आणि मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं. बसरा, कैद, घोड्याचं मटण याबद्दल मी खोदून खोदून विचारत होतो आणि ती थोरल्या आईच्या स्वयंपाकाबद्दल बोलत होती. चाळिसाव्या मिनिटाला तिचं वाक्य आहे: "म्हाळाच्या दिवशी थोरली आई देवघरातनं वीर काढायची, पानाशेजारी ठेवायची, आन् पहिला घास त्याला. आम्हाला कुणाला हात लावू द्यायची नाही."

त्यावर मी विचारतो, "आणि ती भवानीची तबकडी?"

"भवानी तुमी म्हंता. आईनं भवानी कदी म्हटलं नाही."

मी पुढे कैदेचाच प्रश्न विचारला. त्या दिवशीच्या माझ्या वहीत ओळ आहे: 'वीराचा टाक, वेगळा, सध्या घरात नाही, हरवला असावा.' लढाईत किंवा अकाली गेलेल्या पूर्वजाचा टाक करून देवघरात पुजतात, त्याला वीर म्हणतात, एवढं मला माहीत होतं.

परवा गावी गेल्यावर मी देवघरातले टाक मोजले. पाच आहेत. खंडोबा, जोतिबा, तुळजाभवानी, आणखी एक देवी आणि भैरोबा. आत्याला फोन करून विचारलं, सहावा कधी होता का? ती म्हणाली, नाही, पहिल्यापासून पाचच.